चार रविवार, एक दोरी आणि पाच लिटरचा कॅन

पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत मी मुलांसाठी सुरक्षेचा पहिला वर्ग घेतला तेव्हा चाळीस स्लाइड केल्या होत्या. हॉलमध्ये प्रोजेक्टर, बाहेर वडापाव. झेब्रा क्रॉसिंग, हेल्मेट, 'खोल पाण्यात जाऊ नये' हे सगळं पोरांना तोंडपाठ. शेवटी घेतलेल्या प्रश्नमंजूषेत एकाचंही उत्तर चुकलं नाही. वर्ग संपल्यावर मी गेटपाशी बोलत उभी होते, आणि माझ्याच वर्गातली चार पोरं, हातात उरलेला वडापाव घेऊन, दुभाजकावर चढली आणि पलीकडे उड्या मारून कोल्ड्रिंक आणायला गेली.

तेरा-चौदाच्या पोराला नियम माहीत नसतो असं होतच नाही. त्याला दोन गोष्टी कमी पडतात. एक, अंगवळणी पडलेली सवय. दुसरी, चार मित्रांसमोर मागे सरायला एखादं बरं निमित्त. स्लाइडमधून यातलं काहीच मिळत नाही. म्हणून आता मी हॉल घेतच नाही. चार रविवार, सकाळी साडेसातला, बाहेर. तुम्ही पहिल्यांदाच असं काही घेणार असाल तर माझ्या चुका वगळून हाच आराखडा उचला.

आधी तयारी. मुलं सहा ते आठ, त्याहून जास्त नको. बारा मुलांना एकदा नेलं होतं, अर्धा वेळ मोजण्यातच गेला. मोठी माणसं किमान दोन. पालकांची लेखी संमती घ्या, आणि चौथ्या रविवारी निदान एक पालक हजर पाहिजे हे आधीच सांगा. सामान: खडू, शिट्टी, तीस सेंटिमीटरची पट्टी, पंधरा मीटर दोरी आणि झाकण घट्ट बसणारा पाच लिटरचा रिकामा कॅन.

आणि वेळ. पूर्वी मी हा वर्ग जूनमध्ये, शाळा सुरू झाल्यावर घ्यायचे. तोवर उशीर झालेला असतो. पोरं पाण्याकडे जातात ती धुळवडीला रंग धुवायला, शेवटचा पेपर टाकल्यावर थेट शाळेतूनच, मग मे महिन्याच्या सुट्टीत गावाकडे आणि पहिल्या पावसात. म्हणून आता फेब्रुवारीतच उरकते.

पहिला रविवार: पायी

मुलांना घेऊन जाण्याआधी तुम्ही एकट्या किंवा एकटे चाला. त्यांच्या शाळेचा, क्लासचा रस्ता, त्यांच्याच वेळेला. फूटपाथ कुठे संपतो, हातगाडी कुठे लागते, बस कुठे थांबते ते बघा. मला जी जागा सोपी वाटली होती तिथे सकाळी सातला शाळेच्या व्हॅनची तिहेरी रांग असते, हे चालल्यावरच कळलं.

मग मुलांसोबत तोच रस्ता. तुम्ही मागे, मुलं पुढे. काही बोलायचं नाही, फक्त बघायचं. परत येताना तोच रस्ता बोलत बोलत.

रस्ता ओलांडताना आधी उजवीकडे, मग डावीकडे, पुन्हा उजवीकडे, हे पुस्तकात आहे. पुण्यात त्याला एक पुस्ती जोडावी लागते: वन-वे असला तरी दोन्हीकडे बघायचं. वन-वे हा फक्त चारचाकीला लागू असतो असा आपल्याकडे एक समज आहे. फर्ग्युसन रस्ता असो की जंगली महाराज रस्ता, उलट्या बाजूने फूटपाथला चिकटून एक स्कूटर येतेच. लागते तीच.

पीएमपीची बस हा वेगळा धडा आहे, आणि त्यासाठी खरंच तिकीट काढून दोन थांब्यांचा प्रवास करा. बस पुष्कळदा थांब्याला टेकत नाही, चार-पाच फूट अलीकडेच उभी राहते, आणि त्या फटीतून दुचाक्या घुसतात. म्हणजे उतरणाऱ्याने पाय खाली टाकण्याआधी दारातून मान बाहेर काढून मागे बघायचं. मागून लोक ढकलत असतील तरी. हे प्रत्येक मुलाकडून करून घ्या, दोनदा. उतरल्यावर बसच्या पुढून ओलांडायचं नाही; बस जाऊ द्यायची, रस्ता मोकळा दिसू द्यायचा. सातारा रस्त्यासारखा बसथांबा रस्त्याच्या मधोमध असेल तर समोरून येणारी बस दिसल्यावर पळायचा मोह होतो. 'गेली तर गेली, पुढची येते' हे वाक्य मी मुलांकडून मोठ्यांदा म्हणून घेते. हसतात. हसू द्या, लक्षात राहतं.

दुभाजकावर चढणाऱ्यांसाठी पट्टीचा खेळ आहे. एकाने पट्टी वरच्या टोकाला धरून उभी लोंबकळत ठेवायची, दुसऱ्याने खालच्या टोकाशी चिमूट उघडी ठेवायची. न सांगता पट्टी सोडायची. साधारण वीस सेंटिमीटर खाली जाते तेव्हा ती पकडली जाते, म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा गेला. आता दुसऱ्या हातात मोबाईल देऊन मेसेज वाचायला लावा. पट्टी जमिनीवर पडते, बहुतेक वेळा.

त्यानंतर खडूने जमिनीवर दहा मीटर आखा. ताशी ३६ किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात बरोबर दहा मीटर जाते. सातवीचं गणित आहे, त्यांनाच करू द्या. स्कूटरवाल्याला तुम्ही दिसलात, त्याच्या डोक्यात शिरलं आणि हात ब्रेककडे गेला, एवढ्यात ही खडूची रेघ संपली. ब्रेक लागून गाडी थांबायचं अंतर अजून पुढे आहे, ओल्या रस्त्यावर आणखी पुढे. आणि वेग दुप्पट झाला तर ब्रेकचं अंतर चौपट होतं. माझ्या सगळ्या स्लाइडपेक्षा त्या रेघेचा परिणाम जास्त झाला.

महामार्ग मात्र समजावण्याचा विषय नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंत लांबलचक उतार आहे. अवजड गाड्यांचे ब्रेक तापलेले असतात, कोणी डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडलेली असते. तिथे थांबवणं ड्रायव्हरच्याही हातात उरत नाही. बायपास ओलांडायचा तो भुयारी मार्गाने किंवा पुलाखालून. वळसा एक किलोमीटरचा पडला तरी.

दुसरा रविवार: गाडी

आमच्या भागात पाण्याचे टँकर रोज येतात. त्याचं दुःख वेगळं, पण या रविवारी टँकर कामाला येतो. आमच्या टँकरवाल्या दादांना मी चहा पाजून अर्धा तास मागून घेतला. इंजिन बंद, किल्ली दादांच्या खिशात. एकेका मुलाला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि बाकीच्यांना बंपरला जवळजवळ टेकून डाव्या अंगाला उभं केलं.

पहिली मुलगी बसली. आठवीतली, बारीकशी. दोन्ही आरशांत बघितलं, काचेतून बघितलं, मग मान उंच केली.

"काकू, सगळे कुठे गेले?"

सहा जण तिच्या समोर उभे होते. एकाने हात वर केला तेव्हा तिला फक्त बोटं दिसली. ती खाली उतरली आणि काही न बोलता त्या जागेकडे बघत राहिली, जिथून ती रोज सायकल काढते.

त्यानंतर मुलांना कठड्याच्या आत उभं करून दादांना टँकर हळूच डावीकडे वळवायला सांगा. टँकर पुढे गेला की पुढच्या आणि मागच्या चाकाची वाट खडूने आखा. मागचं चाक पुढच्याच्या वाटेने जात नाही, आत कापत जातं. सिग्नलला डंपर, बस किंवा मिक्सरच्या डाव्या बाजूला सायकल घालून उभा असलेला मुलगा नेमका त्या आतल्या पट्ट्यात असतो. नियम एवढाच: ड्रायव्हरचा चेहरा आरशात दिसत नसेल तर त्यालाही तू दिसत नाहीस. मोठ्या गाडीच्या मागे थांबायचं, बाजूला नाही.

आता स्कूटर. इथे मुलांपेक्षा पालकांचा गैरसमज मोठा आहे. "सोळा पूर्ण झाली की गिअरलेस चालते" हे वाक्य मी इतक्या सुशिक्षित लोकांकडून ऐकलंय की आता वाद घालत नाही, कायदाच वाचून दाखवते. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे सोळाव्या वर्षी चालते ती ५० सीसीपर्यंतची विनागिअर गाडी, तीही लायसन काढून. घरात उभी असलेली अ‍ॅक्टिव्हा शंभर सीसीच्या वरची आहे. तिला अठरा पूर्ण लागतात. २०१९च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द होते, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन मिळत नाही. शेवटचं कलम मुलांना सगळ्यात जास्त झोंबतं. कैदेत बाबा जाणार असतात, पण लायसन मुलांचं जाणार असतं.

१९ मे २०२४च्या पहाटे कल्याणीनगरमध्ये एका अल्पवयीन मुलाच्या पोर्शे गाडीच्या अपघातात दोघं गेले, ते या वयाच्या प्रत्येक मुलाला माहीत आहे, आणि ते सगळे त्याबद्दल 'श्रीमंतांची पोरं' म्हणून बोलतात. बोलू द्या. मग विचारा, कोपऱ्यावरच्या डेअरीतून दूध आणायला स्कूटर कोणी कोणी नेलीय? आमच्याकडे आठातले पाच हात वर आले, आणि सगळ्यांना किल्ली घरच्यांनीच दिली होती.

मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट, चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, हे कायद्यातच आहे. पुण्यात हेल्मेटवर वाद घालणं हा जुना छंद. मी त्यात पडत नाही. पट्टा हनुवटीखाली लावून एक बोट आत जाईल इतका घट्ट, एवढं करून दाखवायला लावते. पट्टा न लावलेलं हेल्मेट आपल्या आधी पडतं.

पहिल्या पावसाचं एक. धुळीवर, तेलावर पाणी पडलं की पहिला अर्धा तास रस्ता साबणासारखा होतो. झेब्र्याचे पांढरे पट्टे, चेंबरची झाकणं आणि मेट्रोच्या कामाच्या लोखंडी पत्र्यांवर सायकलचा ब्रेक लावायचा नाही, वळायचंही नाही. आणि साचलेल्या पाण्यातून चालायचं नाही. खाली चेंबर उघडं आहे की विजेची तार, वरून दिसत नाही.

तिसरा रविवार: पाणी

पाण्यात कोणालाही उतरवायचं नाही. हा संपूर्ण वर्ग काठापासून लांब, कोरड्यात होतो. पोहणं शिकवणं हे तुमचं काम नाही. त्यासाठी टिळक तलावासारखे तलाव आहेत, प्रशिक्षक आहेत. पालकांना मात्र एक सांगा: प्रशिक्षकाला 'किती लांब जातो' हे विचारू नका. पाठीवर शांत तरंगता येतं का आणि खोल पाण्यात एका जागी पाच मिनिटं डोकं वर ठेवता येतं का, ते विचारा.

तलावात पोहणाऱ्या मुलाचा धोका कधी कधी न पोहणाऱ्यापेक्षा जास्त असतो, कारण त्याला येतं. तलावाला तळ दिसतो, काठाला धरायला नळी असते. आपल्या भोवतीच्या पाण्यात यातलं काही नाही. मी मुलांना एकेक पाणी ओळख करून देते, जशी माणसांची करून देतात तशी.

कालवा. खडकवासल्याहून निघालेला मुठा उजवा कालवा सिंहगड रस्त्याच्या मागून पर्वती, स्वारगेट, हडपसरकडे जातो. दिसायला संथ, रुंदी जेमतेम. पण दोन्ही बाजू तिरक्या आणि शेवाळलेल्या. पडलेल्याला वर येता येत नाही, आणि वरचा माणूस हात द्यायला वाकला की तोही घसरतो. चेंडू कालव्यात गेला तर चेंडू गेला.

धरण. खडकवासल्याच्या काठाला कमरेएवढं पाणी असतं आणि पुढच्या पावलाला तळ नसतो, कारण खाली जुनं खोरं आहे, ओघळी आहेत. वर गाळ, पाय रुतला की सोडवायला जावं तसा दुसरा रुततो.

नदी. इथे मी वेळ घेते. पावसाळ्यात बातमी येते, खडकवासल्यातून अमुक क्युसेक विसर्ग. मुलं ऐकतात आणि विसरतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सव्वाअठ्ठावीस लिटर, दीड बादली. मग दहा हजार क्युसेक म्हणजे किती? पोरांनी हिशोब केला: दहा हजार लिटरचे अठ्ठावीस टँकर. दर सेकंदाला. मागच्या रविवारचा टँकर डोळ्यांसमोर असल्यामुळे हे आकडे थेट लागतात. नदीपात्रातला बुटका भिडे पूल पाण्याखाली का जातो ते पुन्हा सांगावं लागत नाही. आणि पाऊस पडतो टेमघर, पानशेत, वरसगावच्या डोंगरांत. ते सगळं पाणी खडकवासल्यात येतं आणि डेक्कनला ऊन पडलेलं असतानाही नदी चढते. आजी-आजोबा पुण्याचे असतील तर १२ जुलै १९६१ विचारून यायला सांगा. पानशेतच्या पुराची गोष्ट नातवाला सांगताना माणसं आवाज खाली आणतात, ते त्यांनी ऐकायला हवं.

ओढा. मुलं ज्यात क्रिकेट खेळतात तो. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याने गाड्या उचलून नेल्या.

धबधबा. ३० जून २०२४ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळ पुण्याच्या एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली; प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना धरून उभी होती. वरून आवाज वाढला, पाणी गढूळ झालं किंवा पानं-काटक्या यायला लागल्या की फोटो अर्धवट टाकून बाहेर. पण पाणी पुष्कळदा ही खूणही देत नाही, म्हणून प्रवाहाच्या मध्ये उभं राहायचंच नाही.

खाण आणि शेततळं. वाघोली, मोशीकडच्या दगडखाणींत पाणी साठतं, कडा उभ्या असतात. शेततळ्याला प्लास्टिकचा कागद. चांगला पोहणारासुद्धा त्यावरून वर चढू शकत नाही. सुट्टीत गावी जाणाऱ्यांना हे दोनदा सांगा.

आता दोरी. बुडणारा माणूस हिंदी सिनेमातल्यासारखा 'बचाओ' ओरडत नाही. तोंड पाण्याच्या पातळीला, डोकं मागे, हात खाली दाबतोय, आवाज नाही. मित्रांना वाटतं नाटक करतोय. आणि वाचवायला उडी मारणारा मित्र त्याच्यासोबत जातो, कारण बुडणारा जे हाताला लागेल त्यावर चढतो. म्हणून क्रम असा: आधी ओरडून माणसं जमवायची, मग काही तरी पुढे करायचं (बांबू, ओढणी, फांदी) आणि तेही पोटावर झोपून, पाय कोणी तरी धरलेले. नाही पोचलं तर फेकायचं. पाण्यात जायचं नाही.

कॅनमध्ये थोडंसं पाणी ठेवून झाकण लावा, म्हणजे फेकताना वजन येतं. दोरीचं एक टोक कॅनच्या कडीला, दुसरं डाव्या मनगटाला गुंडाळायचं नाही, पायाखाली दाबायचं. मैदानावर आठ मीटरवर एक मुलगा बसवा. कॅन त्याच्या अंगावर नाही, डोक्यावरून पलीकडे टाकायचा आणि दोरी त्याच्या खांद्यावर पडू द्यायची. पहिल्या फेरीत सगळ्यांचं चुकतं. आमच्याकडच्या सगळ्यात दांडगट पोराने कॅन आंब्याच्या झाडात अडकवला, आणि जी मुलगी टँकरमध्ये बसून गप्प झाली होती तिने तिसऱ्या फेकीत दोरी अलगद गळ्याशी आणून टाकली. तिला आता सोसायटीत 'कॅन' म्हणतात.

पाण्यातून काढलेल्याचं पोट दाबायचं नाही, उलटं धरायचं नाही, गरगर फिरवायचं नाही. कडक जमिनीवर उताणं झोपवायचं, १०८ला फोन. श्वास नसेल तर हनुवटी वर, नाक बंद, आधी तोंडाने श्वास. मग छातीच्या मध्यावर ३० वेळा दाबणं आणि २ श्वास, मिनिटाला १०० ते १२० च्या ठेक्यात. हे वाचून शिकवू नका. ओळखीतला डॉक्टर किंवा प्रशिक्षण घेतलेला माणूस अर्ध्या तासासाठी बोलवा. रस्त्यावरच्या जखमीला मदत केली तर पोलीस अडकवतात ही भीतीही मुलांच्या कानावर घरातूनच पडलेली असते. मदत करणाऱ्याला २०१९पासून कायद्याचं संरक्षण आहे, नाव सांगायचीही सक्ती नाही.

चौथा रविवार: निमित्त

हा सगळ्यात छोटा आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. पालक हजर हवेत ते याचसाठी.

मित्र म्हणतात, चल रे, पाचच मिनिटं. किंवा, बस ना मागे, ट्रिपल सीटने काय होतंय. 'नको, धोका आहे' असं म्हणणारा मुलगा मी अजून पाहिलेला नाही, आणि त्या वयात मीही म्हटलं नसतं. त्याला इज्जत राखून सटकता आलं पाहिजे. म्हणून गोल करून बसवा आणि बहाणे जमवा. आमच्या यादीतले खपणारे: "कानात ड्रॉप घातलेत, डॉक्टरने पाणी बंद केलंय." "बापाने लोकेशन लावलंय, आज मारच खाईन." "मी मोबाईल सांभाळतो, तुम्ही जा" – हा शेवटचा चलाख आहे, कारण काठावर एक जण राहतो आणि त्याच्या हातात फोन असतो. एका आजोबांनी मला झापलं, मुलांना खोटं बोलायला शिकवता म्हणून. ऐकून घेतलं. यादी बदलली नाही.

मग घरचा सांकेतिक मेसेज. प्रत्येक मुलाने आई-बाबांशी एक साधं वाक्य ठरवायचं, 'डबा कुणी घेतला?' सारखं. हे आलं की पालकांनी लगेच फोन करायचा आणि मित्रांना ऐकू जाईल इतक्या जोरात ओरडायचं: आत्ताच्या आत्ता घरी ये. मुलगा तोंड वाकडं करून निघतो, शिव्या आई खाते. पालकांची बाजू एवढीच की त्या दिवशी घरी आल्यावर चौकशी नाही. हे कबूल करून घेताना खरे वाद होतात. "म्हणजे कुठे होता ते विचारायचंच नाही?" नाही. विचारलंत तर पुढच्या वेळी मेसेज येणार नाही.

गेल्या जूनमध्ये एका शनिवारी दुपारी आमच्या इथल्या एका आईला तो मेसेज आला. ती बँकेत रांगेत उभी होती. तिथूनच इतकी ओरडली की शिपाई बघायला आला. पोरगा पाच वाजता बसने घरी, कपडे कोरडे. तिने पोहे केले. पोह्यांवर लिंबू पिळता पिळता तिने तीनदा तोंड उघडलं आणि मिटलं, असं तिनेच मला सांगितलं.

दोरी आणि कॅन आता वॉचमनच्या केबिनमागे खिळ्याला टांगलेले असतात. तुम्ही ठेवलेत तर महिन्यातून एकदा जाऊन बघत जा. आमच्या दोरीवर दोनदा कपडे वाळत घातलेले सापडलेत, आणि कॅन एकदा रॉकेल भरलेला.